डिरेक्टरी सर्व्हरची कॉन्फिग कुठं काय असते, माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं कॉलेज. लॅबमधल्या कोणत्याही मशिनवर पोट्ट्यांचं एकच लॉगिन चालावं म्हणून ३८९ डिरेक्टरी सर्व्हर (सगळ्यांची लॉगिन अन् माहिती एकाच जागी ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकायचं ठरलं अन् काम माझ्याकडं आलं. इन्स्टॉल पटकन होते. खरा वेळ जातो तो कोणती सेटिंग कुठं राहते हे समजण्यात.

जवळपास सगळं एकाच फाईलीत असते, डीएसई डॉट एलडिफ. पण ती साधी कॉन्फ (सेटिंगची) फाईल नाही बावा, ते आख्खं झाडच आहे, शेंड्याला सीएन=कॉन्फिग, अन् जशी विद्यार्थ्याची एन्ट्री (नोंद) तशीच सेटिंगची पण एन्ट्री. एन्ट्रीचं नाव मु. पो. तालुका जिल्हा अशा पत्त्यासारखं वाचायचं, जसं युजररूट (आपला डेटा जिथं राहते तो डेटाबेस), मग एलडीबीएम डेटाबेस, मग प्लगिन्स, मग कॉन्फिग. म्हणजे डेटाबेस हाच एक प्लगिन (सर्व्हरला जोडलेला भाग)! हे समजल्यावर बाकीचं आपोआप उलगडत गेलं.

सर्व्हर चालू असताना ही फाईल एडिटरमध्ये उघडून बदलू नका, सर्व्हर मेमरीतली कॉपी परत त्याच फाईलीत लिहितो अन् तुमचा बदल पुसला जातो. एलडॅपमॉडिफाय नाहीतर डीएसकॉन्फ ही कमांड वापरा. एनएसस्लॅपडी-पोर्टसारखं (सर्व्हरचा पोर्ट नंबर) काही बदललं तर रिस्टार्ट लागतो, बरंच काही मात्र लगेच लागू होते.

आमच्याकडं जुने-नवे सगळे विद्यार्थी टाकल्यावर साध्या अकाउंटनं सर्च केला की यादी २००० वर थांबायची, अन् डिरेक्टरी मॅनेजरनं (सर्व्हरचं मुख्य अॅडमिन अकाउंट) केला की पूर्ण यायची. मला हा भाग सगळ्यात आवडला, कारण उत्तर थेट सीएन=कॉन्फिगवरच होतं, एनएसस्लॅपडी-साईझलिमिट, म्हणजे एका सर्चला जास्तीत जास्त किती एन्ट्री द्यायच्या, डिफॉल्ट २०००, अन् डिरेक्टरी मॅनेजरला ही मर्यादा लागत नाही. म्हणून टेस्टिंग नेहमी साध्या अकाउंटनं करा, मॅनेजरनं केलं तर असं काही दिसतच नाही.

एनरोलमेंट नंबरसाठी नवीन अॅट्रिब्यूट (एन्ट्रीतला रकाना) पाहिजे होता. स्कीमा (कोणते रकाने चालतील त्याचे नियम) वेगळ्या फाईलींत राहते, नावापुढच्या आकड्यानुसार क्रमानं वाचली जाते, अन् आपण चालू सर्व्हरवर टाकलेलं ९९युजर डॉट एलडिफमध्ये जाते. अॅट्रिब्यूट नुसता बनवून चालत नाही, कोणत्यातरी ऑब्जेक्टक्लासमध्ये (एन्ट्रीच्या प्रकारात) घ्यावा लागते. इंडेक्स (लवकर शोधण्यासाठीची सूची) पाहिजे तर त्याची एन्ट्री परत त्या युजररूटच्या खाली, अन् जुन्या डेटासाठी रीइंडेक्स वेगळा चालवायचा.

आमच्याकडं लाईन कधी जाईल त्याचा नेम नाही, त्यामुळं एक गोष्ट आवर्जून सांगतो. सर्व्हर नीट सुरू झाला की तो डीएसई डॉट एलडिफ डॉट स्टार्टओके नावाची कॉपी ठेवतो. मूळ फाईल बिघडून सर्व्हर उठलाच नाही तर बंद असतानाच ती कॉपी मूळ नावानं ठेवायची, मालकी अन् परमिशन तपासायची अन् मग सुरू करायचा.