परश्या कुठला?

गणपतीचे दिवस म्हणजे आम्हा निवेदकांचा सीझन. खेळ पैठणीचा, अंताक्षरी, प्रश्नमंजूषा, उखाण्यांची स्पर्धा. एका संध्याकाळी ठाण्यात, दुसऱ्या संध्याकाळी कल्याणला. बहुतेक कार्यक्रम एकमेकांत मिसळून जातात, वर्षभराने आठवत नाहीत. डोंबिवलीतल्या एका सोसायटीतला तो कार्यक्रम मात्र डोक्यातून जात नाही.

तिथल्या सांस्कृतिक समितीचे काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचा आधीच फोन आला होता. "ताई, दरवर्षी तेच तेच नको. ह्या वेळी एक फेरी आपल्या मराठीनं देशात पहिला नंबर काढलेल्या सिनेमांची घ्या. पोरांना कळू दे." मला कल्पना मनापासून आवडली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय मान मिळवणारे मराठी सिनेमे पाच: श्यामची आई, श्वास, देऊळ, कोर्ट आणि कासव. पहिला मान १९५४ सालचा, म्हणजे हे पुरस्कार सुरू झाले त्या वर्षीचा, आणि त्यानंतर थेट श्वास. मधे पन्नास वर्षं काही नाही.

फेरीची तयारी करायला साउंडवाल्या मुलाबरोबर लॅपटॉप घेऊन बसले. आमच्या कामात तुकडा लागतो. दहा-पंधरा सेकंदांचा आवाज, जो पत्र्याच्या मांडवात, पोरांच्या कलकलाटात, मागच्या रांगेत बसलेल्या आजीलासुद्धा ओळखू आला पाहिजे. श्यामची आईचं काम एका मिनिटात झालं. 'भरजरी गं पितांबर' लावलं की बास. देऊळमधलं 'वेलकम हो राया वेलकम' तर दर दुसऱ्या कार्यक्रमात वाजतं. मग आम्ही श्वास उघडला आणि तिथेच अडकलो.

श्वासमध्ये गाणं नाही. कोकणातले आजोबा नातवाला घेऊन पुण्याच्या दवाखान्यात येतात. नातवाला डोळ्यांचा कॅन्सर आहे, जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागतील, आणि हे त्या पोराला सांगायचं कसं, एवढीच गोष्ट. अरुण नलावडे आजोबा. त्यांचं एखादं वाक्य उचलावं म्हणून आम्ही पुढे-मागे करत राहिलो. दहा सेकंद कापले की उरायचं काय? एक म्हातारा माणूस डॉक्टरांना काहीतरी विचारतोय. त्या प्रश्नाचं वजन आधीच्या अर्ध्या तासात साठलेलं असतं, ते कापून घेता येत नाही. साउंडवाला म्हणाला, "ताई, यातून काही निघत नाहीये." तो तक्रार म्हणूनच बोलला होता, पण माझ्या मनात ते वाक्य अडकलं.

कोर्टचं तेच. सरकारी वकीलबाई कलमं वाचत जातात, एका सुरात, लांबच्या लांब. सिनेमाचा जीव त्या सुरातच आहे. त्याच बाई मग लोकलनं घरी जातात, स्वयंपाकाला लागतात, आणि आपल्या पोटात हळूहळू काहीतरी गोळा होत जातं. यातला पंधरा सेकंदांचा आवाज लावला तर लोक म्हणतील, माइक टेस्टिंग चालू आहे का. कासवमध्ये तर बोलण्याइतकंच न बोलणं महत्त्वाचं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांनी नैराश्यात बुडालेल्या एका मुलाची गोष्ट समुद्राच्या काठाने, अगदी धीराने सांगितली आहे. धीर कापून दाखवता येत नाही.

शेवटी श्वाससाठी आवाजाचा नाद सोडला आणि नावावरून प्रश्न केला. परश्या नावाची तीन पात्रं तीन गाजलेल्या मराठी सिनेमांत आहेत, तिन्ही सिनेमे सांगा.

मांडवात गर्दी चांगली होती. आरती आटोपून सगळे बसलेले, पुढे मुलं सतरंजीवर, मागे काका मंडळी उभी. मी प्रश्न वाचला आणि वाक्य पुरं व्हायच्या आत डाव्या कोपऱ्यातून कॉलेजची पोरं ओरडली, "सैराट!" पाठोपाठ एका मुलीनं आर्चीच्या ठसक्यात विचारलंच, "मराठीत सांगितलेलं कळत नाही?" हशा झाला. दुसरं उत्तर बायकांच्या बाजूनं आलं. "बनवाबनवी! लक्ष्याचं नाव!" आणि मग कार्यक्रम काही वेळ माझ्या हातातून गेलाच. एकानं 'धनंजय माने इथेच राहतात का?' म्हटलं, दुसऱ्यानं सत्तर रुपये वारल्याचं सांगितलं, आणि सतरंजीवरचा सात-आठ वर्षांचा एक मुलगा उभा राहून पार्वतीची नक्कल करायला लागला. सिनेमा १९८८ चा. त्या मुलाच्या आईचासुद्धा तेव्हा जेमतेम जन्म झाला असेल.

"आणि तिसरा परश्या?"

कोणीच बोललं नाही.

मी म्हटलं, २००४ सालचा सिनेमा. आजोबा आणि नातू. कोणी म्हणालं, "नटसम्राट?" मी म्हटलं, भारताकडून ऑस्करला गेला होता. "हरिश्चंद्राची फॅक्टरी!" तेही ऑस्करला गेलेलं, म्हणजे नेम फार चुकला नव्हता. समितीचे काका खांबाला टेकून उभे होते, त्यांची चुळबुळ मला दिसत होती. तिसऱ्या रांगेतल्या एका काकूंनी हात अर्धा वर केला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. मी पाहिलं. माइक घेऊन जावंसं वाटलं, पण त्यांचा चेहरा बघून गेले नाही. उत्तर मीच सांगितलं.

"हां… श्वास!" अशी एक लाट मागच्या रांगांतून आली. म्हणजे चाळिशीच्या पुढच्या पुष्कळांनी तो पाहिलेला होता. डावीकडच्या कोपऱ्यातली पोरं एकमेकांकडे बघत होती. त्यांच्या कानावरून ते नाव गेलेलंच नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर काका माझ्याकडे आले ते रागावूनच. "बघितलंत? आपल्या लोकांना उथळच लागतं." मला ते पटलं नाही आणि मी तसं सांगितलं. ह्याच लोकांनी श्वास थिएटरात जाऊन पाहिला होता. तो ऑस्करला पाठवायचा तर तिकडे प्रचाराला पैसे हवेत म्हटल्यावर महाराष्ट्रात वर्गणी गोळा झाली. सिनेमासाठी लोकांनी खिशात हात घालावा, हे त्या आधी मी तरी ऐकलं नव्हतं. आणि रडवणारा सिनेमा लोक विसरतात म्हणावं, तर श्यामची आईएवढा रडवणारा सिनेमा कुठला? तो राहिला. कारण त्याच्यामागे साने गुरुजींचं पुस्तक होतं, शाळा होती, आणि वसंत देसाईंनी चाल लावलेलं, आशाबाईंनी गायलेलं ते गाणं होतं. सिनेमा न पाहिलेली बाईसुद्धा ते गाणं म्हणते. सैराटही उथळ म्हणायची माझी तयारी नाही; बर्लिनच्या महोत्सवात गेलेला, शेवटी काळीज चिरणारा सिनेमा आहे तो. पण त्याच्याकडे झिंगाट होतं. लोकांनी झिंगाट उचललं आणि वरातीत नेलं. शेवट कोणी वरातीत नेत नाही.

माझा इतक्या वर्षांचा अनुभव हेच सांगतो. लोक सिनेमा अख्खा आठवत नाहीत, त्यातलं वापरता येईल ते घेऊन जातात. भाडेकरू दारात आला की म्हणायला एक वाक्य, हळदीत नाचायला एक गाणं, मित्राला चिडवायला एक नाव. घेताना मालकाचं नावही विचारत नाहीत. माझ्या भक्तिगीतांच्या फेरीत 'आधी बीज एकले' कोणाचं असं विचारलं की मांडव एकमुखानं सांगतो, तुकोबांचं. ते शांताराम आठवल्यांनी लिहिलं, प्रभातच्या १९३६ च्या संत तुकाराम सिनेमासाठी. व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेलेला तो सिनेमा आज किती घरांत पाहिला जातो? आणि त्यातलं गाणं मात्र इतकं आपलं झालं, की लोकांनी ते थेट संतांच्या पदरात घातलं. मला यात आठवल्यांवर अन्याय दिसतो आणि त्यांचा केवढा तरी मानही दिसतो. दोन्ही एकाच वेळी.

बांधणी घट्ट असलेल्या सिनेमातून असं काही सुटं होत नाही. तो त्याचा दोष नाही, पण त्याची किंमत त्याला मोजावी लागते.

दुसरी गोष्ट पुन्हा पुन्हा दिसण्याची. बनवाबनवी आमच्या पिढीनं ठरवून बसून फारसा पाहिलेला नाही. तो टीव्हीवर चालू असतो आणि आपण त्याच्या आसपास वावरत असतो. कुठूनही बघायला लागा, कुठेही सोडा. उलट कासवला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान २०१७ च्या एप्रिलमध्ये जाहीर झाला आणि सिनेमा थिएटरात लागला ऑक्टोबरमध्ये. पेपरात फोटो आला, लोक म्हणाले बघायला हवा, आणि बघायला मिळेपर्यंत मधे आख्खा पावसाळा गेला. कोर्टला ती अडचण नव्हती, मार्चमध्ये पुरस्कार आणि एप्रिलमध्ये सिनेमा. पण असे सिनेमे थोड्या पडद्यांवर लागतात, आडवेळेला लागतात, आणि नोकरदार माणूस मोकळा होईपर्यंत उतरलेले असतात.

हे सगळं मी काकांना मांडवाच्या मागे, चहाचा कप हातात घेऊन सांगत होते. तेवढ्यात त्या तिसऱ्या रांगेतल्या काकू आल्या.

"मला येत होतं हो उत्तर," त्या म्हणाल्या.

"मग हात का खाली घेतलात?"

"काय सांगणार माइकवर? श्वास म्हणून ओरडायचं, टाळ्या घ्यायच्या आणि डबा घेऊन यायचं?" बक्षीस म्हणून आम्ही स्टीलचे डबे ठेवले होते.

त्या सासऱ्यांबरोबर सिनेमाला गेल्या होत्या. सासरे सिंधुदुर्गातले, फारसे न बोलणारे. ऑपरेशनच्या आधी आजोबा पोराला दवाखान्यातून कोणाला न सांगता बाहेर घेऊन जातात, डोळे आहेत तोवर जग दाखवायला, तिथे सासऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सिनेमा संपेपर्यंत परत घातली नाही. काकूंना ती टोपी आठवत होती. "नंतर टीव्हीवर लागला की मी चॅनल बदलते. पुन्हा बघवत नाही. बनवाबनवी काय, भाकऱ्या थापता थापता बघते."

काका एकदम गप्प झाले. मीही. मी धंद्यानं माइकवाली. जे चारचौघांत ओरडून सांगता येतं तेवढंच मला मोजता येतं. त्या मांडवात श्वास माहीत असलेली किती माणसं हात खाली ठेवून बसली होती, हे माझ्या फेरीतून कधीच कळलं नसतं.

पण म्हणून मी स्वतःची समजूत घालून घेणार नाही. काकूंच्या मनात सिनेमा जिवंत आहे हे खरं, आणि डाव्या कोपऱ्यातल्या पोरांना तो ठाऊक नाही हेही तितकंच खरं. मनात जपलेली गोष्ट पुढच्या पिढीकडे आपोआप जात नाही. बनवाबनवी त्या सात वर्षांच्या पोराकडे गेला कारण घरात कोणीतरी मोठ्यानं ती वाक्यं म्हणत होतं. काकूंनी त्या टोपीबद्दल स्वतःच्या मुलांनाही सांगितलं नव्हतं. मी विचारलं, त्यांनी नकारार्थी मान हलवली.

सिनेमा करणाऱ्यांवर श्वासचा ठसा मोठा आहे. मराठी सिनेमाला त्याच्यानंतर नव्यानं उभारी आली असं त्या क्षेत्रातली माणसं नेहमी सांगतात, आणि पुढच्या वर्षांत आलेल्या नव्या दिग्दर्शकांची रांग बघितली की ते पटतं. कदाचित सैराटच्या परश्याची वाटसुद्धा त्या छोट्या परशुरामानं थोडी मोकळी करून ठेवली असेल. पण हे ऋण पडद्यामागचं. मांडवात बसलेल्या माणसाला ते दिसत नाही.

त्या चहावरच काकांनी विषय काढला. पूर्वी गणपतीत मंडळं रस्त्यात पांढरा पडदा बांधून सिनेमे दाखवायची. पडद्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं बसायची, उलट्या बाजूच्यांना अक्षरं उलटी दिसायची, तरी कोणी उठायचं नाही. तसं पुढच्या वर्षी एक संध्याकाळ का करू नये? खेळ नको, बक्षिसं नकोत. ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांची रीतसर परवानगी काढायची आणि श्वास अख्खा दाखवायचा, पोरांना समोर बसवून.

समितीत त्यावर अजून वाद चालू आहे. खजिनदार म्हणतात, सणासुदीला डोळ्यांत पाणी कशाला. महिला मंडळानं होकार दिलाय आणि त्यात त्या काकू पुढे आहेत, ह्याचं मला फार बरं वाटलं. मी काकांना कळवलंय की त्या संध्याकाळचं मानधन घेणार नाही. दोनच गोष्टी पाळा. मध्ये वडापाव वाटायला थांबायचं नाही, आणि सिनेमा संपल्यावर माझ्या हातात माइक द्यायचा नाही.