बुरीरामची मोटो-३ : हंगामाच्या पहिल्या रेसला जाऊन आल्यावर

थायलंडला मोटो-जीपी, म्हणजे मोटरसायकल शर्यतींची जागतिक स्पर्धा, बघायला जाणारे आपल्याकडचे बहुतेक लोक रविवारी जेवणं उरकून ट्रॅकवर पोचतात. सगळ्यात मोठ्या, मोटो-जीपी वर्गातला स्टार मार्केझ धावतो दुपारी, मग आधीपासून उन्हात कशाला बसायचं, असा हिशेब असतो. माझं सांगणं नेमकं उलटं आहे. रविवारी सगळ्यात आधी जी मोटो-३ची, म्हणजे सगळ्यात लहान गाड्यांची रेस होते, तिच्यासाठी जा. पुढचं सगळं मग आपसूक पदरात पडतंच.

२०२५चा हंगाम बुरीरामच्या चांग इंटरनॅशनल सर्किटवर सुरू झाला, २८ फेब्रुवारी ते २ मार्च. एकूण २२ फेऱ्या, म्हणजे २२ ठिकाणचे रेसचे आठवडे. थायलंडनंतर अर्जेंटिना, अमेरिका आणि कतार, मग एप्रिलअखेर स्पेनमधल्या हेरेथपासून युरोपचा लांबलचक पट्टा. सप्टेंबरच्या शेवटी जपानला परत आशियात, पुढे इंडोनेशियातलं मंडालिका, ऑस्ट्रेलिया, मलेशियातलं सेपांग, आणि पोर्तुगालवरून नोव्हेंबरात व्हॅलेन्सियाला शेवट. आपल्याला परवडणाऱ्या आणि फार वणवण न करता गाठता येणाऱ्या फेऱ्या म्हणजे बुरीराम आणि सेपांग. सेपांग क्वालालंपूरच्या विमानतळाला लागून आहे, सोय तिथे जास्त. तरी मी बुरीरामच सांगेन, कारण तिथे मुख्य ग्रँडस्टँडवर बसून जवळजवळ अख्खा ट्रॅक दिसतो. ४.५५४ किलोमीटरचा ट्रॅक, १२ वळणं, आणि सपाट जमीन. लहान गाड्यांच्या रेसमध्ये पंधरा-वीस जण एकाच घोळक्यात पळतात, त्यामुळे सगळं डोळ्यांसमोर असण्याला फार किंमत आहे.

हा घोळका का होतो, ते नवख्यांसाठी सांगतो. मोटो-३च्या गाडीला २५० सीसीचं एकच सिलिंडर असतं आणि गाडी व रायडर मिळून किमान वजन १५२ किलो ठरलेलं आहे. २०१२ साली जुन्या १२५ सीसी टू-स्ट्रोक गाड्यांच्या जागी हा वर्ग आला. ताकद सगळ्यांची सारखीच, टायर सगळ्यांना पिरेलीचे. मग सरळ रस्त्यावर पुढच्याच्या मागे चिकटून हवेचा अडथळा चुकवायचा आणि वळणाआधी बाहेर पडून पुढे घुसायचं, हाच खरा डाव उरतो. बुरीरामला पहिल्या वळणानंतर जो लांब सरळ पट्टा आहे, तो संपतो तिसऱ्या वळणाच्या उजव्या हेअरपिनवर, म्हणजे जवळजवळ उलटं फिरायला लावणाऱ्या आखूड वळणावर. तिथे प्रत्येक लॅपला क्रम बदलतो. शेवटचं, बारावं वळणही तसंच आखूड आणि उजवं, आणि तिथून शेवटची रेषा हाकेच्या अंतरावर.

सरावाच्या दिवशी मी त्या बाराव्या वळणाजवळ उभा होतो. रायडर ब्रेक दाबतो तेव्हा त्याचा उजवा पाय फूटपेगवरून, म्हणजे पाय टेकवायच्या दांडीवरून, सुटून हवेत लोंबकळतो, मागचं चाक जमिनीवर नुसतं टेकल्यासारखं डुलतं, आणि गाडी आडवी होताच पाय परत जागेवर जाऊन गुडघा आणि कोपर डांबराला घासतात. टीव्हीवर हे शंभरदा पाहिलेलं असतं. इथे कोपराच्या प्लॅस्टिकचा खरखर आवाज ऐकू येतो. पोरं सतरा-अठरा-वीस वर्षांची आहेत, हे तेव्हा अंगावर येतं.

आता रायडरांबद्दल. जाण्याआधी निदान सहा-सात चेहरे आणि नंबर पाठ करून जा, नाहीतर घोळका म्हणजे नुसते रंग दिसतील. २०२४चा विजेता कोलंबियाचा डाविड अलोन्सो एका हंगामात १४ रेस जिंकून मधल्या मोटो-२ वर्गात गेला होता, म्हणून जागा रिकामी होती. रेड बुल केटीएम आयो संघाचा होसे अँतोनियो रुएदा, नंबर ९९, आणि त्याच संघातला नवा पोरगा आल्व्हारो कार्पे, ८३. लेपर्ड संघाच्या होंडावर आद्रियान फर्नांदेझ, ३१, म्हणजे मोटो-जीपीतल्या राउलचा भाऊ. एमटी हेल्मेट्सच्या संघात आन्हेल पिकेरास, ३६. ऑस्ट्रेलियाचा जोएल केल्सो, ६६. होंडा टीम एशियात जपानचा ताइयो फुरुसातो, ७२, आणि त्याच्या जोडीला थायलंडचाच ताचाकोर्न बुआस्री. तो समोरून गेला की अख्खं स्टँड उठून ओरडायचं. त्याच दिवशी मोठ्या वर्गात सोमकियात चांत्राही पदार्पण करत होता, मोटो-जीपीतला पहिला थाई रायडर. त्या गर्दीचा अभिमान बघून मला आपल्या चेन्नई-कोइम्बतूरच्या ट्रॅकवर घाम गाळणाऱ्या पोरांची आठवण आली आणि फार वाटलं.

एक मोठं नाव मात्र बुरीरामला नव्हतं. आस्पार संघाचा मॅक्सिमो किलेस तेव्हा सतरा वर्षांचाही झाला नव्हता, त्यामुळे नियमाने त्याला सुरुवातीला थांबावं लागलं. अमेरिकेत तो उतरला आणि इटलीतल्या मुजेलोला जिंकलाही.

पुण्याच्या माणसाला या रेसमध्ये आणखी एक धागा आहे. मोटो-३च्या ग्रिडवरच्या, म्हणजे रेसला उभ्या राहणाऱ्या, बहुतेक गाड्या केटीएमच्या, उरलेल्या होंडाच्या. रेसच्या गाड्या ऑस्ट्रियात बनतात, पण रस्त्यावरच्या लहान ड्यूक आणि आरसी चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होतात. केटीएम तेव्हा दिवाळखोरीच्या प्रक्रियेत होती. २५ फेब्रुवारीला घेणेकऱ्यांनी फेररचनेचा आराखडा मान्य केला आणि तीन दिवसांनी बुरीरामला सराव सुरू झाला. पुढे बजाजने पैसा ओतला आणि वर्ष संपता संपता कंपनीचा ताबाही घेतला. केटीएमच्या केशरी गाड्या एकामागोमाग पिटमधून, म्हणजे संघांच्या गॅरेजच्या गल्लीतून, बाहेर पडल्या तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. रेस रुएदाने जिंकली, कार्पे पहिल्याच रेसमध्ये दुसरा, फर्नांदेझ तिसरा. रुएदाने पुढे ५ ऑक्टोबरला मंडालिकात, चार फेऱ्या बाकी असतानाच, जगज्जेतेपद पक्कं केलं. पिकेरास दुसरा आणि किलेस तिसरा राहिला.

२०२६च्या वेळापत्रकातही पहिली फेरी बुरीरामचीच, २७ फेब्रुवारी ते १ मार्च. जाणाऱ्यांनी सगळ्यात आधी राहण्याचं बघावं, तिकीट नंतर. शहर लहान आहे, हॉटेलं महिनोन्महिने आधी भरतात आणि भाव त्या आठवड्यात कितीतरी पट होतात. जागा नाही मिळाली तर बुरीरामच्याच रेल्वेमार्गावरचं सुरीन बघा, नाहीतर कोरात. मुंबईहून बँकॉकची विमानं बहुतेक सुवर्णभूमीला उतरतात आणि बुरीरामची डॉन मुआंगहून सुटतात. हे दोन वेगळे विमानतळ आहेत आणि मधे बँकॉकची वाहतूक आहे, तेव्हा चार-पाच तासांचं अंतर ठेवा. मला विचाराल तर रात्रीची उबोन रात्चाथानीकडे जाणारी गाडी बरी. स्लीपर मिळतो, गाडी उजाडायच्या आत बुरीरामला सोडते आणि विमानतळ ते शहर हा लांबचा टॅक्सीचा खर्च वाचतो. १ मे २०२५पासून थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, ते तिथे पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरून ठेवा.

ऊन पस्तिशीच्या पुढे असतं. मुख्य स्टँडवर छप्पर आहे, कडेच्या बऱ्याच स्टँडवर नाही. टोपी, ओला पंचा, मीठ-साखरेची पाकिटं, आणि कानात घालायचे बोळे. शाकाहारी असाल तर ‘जे’ म्हणा, तेवढ्यावर कळतं, पण ट्रॅकवर पर्याय कमीच. आम्ही दशम्या आणि चिवडा नेला होता, दोन दिवस त्यावर निभावलं.

शनिवारची दुपार टाळून शुक्रवारी किंवा सोमवारी फानोम रुंगला जा. विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावरचं ख्मेर काळातलं शिवमंदिर आहे, अस्सल बघण्यासारखं. शहरातून गाडीने तासाभराच्या थोडं वर. परतीचं तिकीट मात्र रविवार रात्रीचं काढू नका. रेस संपल्यावर ट्रॅकबाहेर पडायलाच कित्येक तास जातात, सोमवारचं काढा.