शिवलेला खांदा

दिवाळीच्या आधी माळ्यावरचे फराळाचे डबे काढायला स्टुलावर चढले आणि डब्यासकट खाली आले. वय एकाहत्तर, हे चढताना आठवलं नाही. हाड मोडलं नव्हतं म्हणून घरात सगळे खूश. उजवा हात मात्र वर जाईना, आणि त्या कुशीवर झोपायची तर सोयच नाही.

नौपाड्यातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी फ्रोजन शोल्डर म्हणून दीड महिना शेक आणि गोळ्या दिल्या. त्याचा राग अजून आहे. पुढे हाडांच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत फरक दाखवला. फ्रोजन शोल्डरमध्ये दुसऱ्यानं उचलूनही हात वर जात नाही. माझा त्यांनी उचलला तर जात होता, सोडला की धप्पकन खाली. एमआरआयमध्ये नाव कळलं: सुप्रास्पायनेटस. खांद्याभोवतीच्या चार स्नायूंपैकी वरचा. त्याचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, हाडापासून सुटला होता.

‘या वयात शिवून टिकेल का?’ मी सरळ विचारलं. डॉक्टरही सरळ बोलले. वय वाढतं तसं शिवलेलं पुन्हा उसवायचं प्रमाण वाढतं. कंडरा सुटल्यानं पडलेलं भोक किती मोठं आहे आणि स्नायूत चरबी किती भरली आहे, यावर बरंच ठरतं. चरबी जास्त असती तर शिवण्याऐवजी वाटी आणि गोळा यांची जागा उलटी करणारा कृत्रिम सांधा बसवावा लागला असता. माझ्या स्नायूत चरबी थोडीच होती. साखरेची तीन महिन्यांची सरासरी मात्र ८.४. ती ७.१ वर आल्यावरच तारीख मिळाली.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, मी झोपले होते. मानेजवळ दिलेल्या इंजेक्शननं हात संध्याकाळपर्यंत बधिर होता, कोणीतरी माझ्या कुशीत विसरून गेल्यासारखा. रात्री त्याचा अंमल उतरला तेव्हा मात्र आई आठवली.

खरी परीक्षा पुढचे सहा आठवडे. हात झोळीत, काखेखाली उशी, झोप आरामखुर्चीत. पुढून बटणांचे गाऊन आणले. परकराची नाडी आणि केस, दोन्ही सूनबाईंच्या हातात. तिला अंबाडा घालता येत नाही, म्हणून दीड महिना शाळकरी मुलीसारखी वेणी घालून फिरले. सोसायटीत कोणी हसलं नाही, पण बघितलं सगळ्यांनी.

फिजिओथेरपीची मुलगी म्हणायची, ‘आजी, हा हात तुमचा नाहीच असं समजा.’ ओणवं होऊन तो लंबकासारखा नुसता झुलू द्यायचा, स्वतः उचलायचा नाही. सहा आठवड्यांनी भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. कालनिर्णयच्या शेजारी रोज पेन्सिलनं खूण करायचे. काही आठवडे खुणा एकमेकींवरच पडत होत्या. मग एकदा कॅलेंडरच्या खिळ्याला बोट लागलं आणि मी ह्यांना आंघोळीतून हाक मारून बाहेर बोलावलं. वजनाचे व्यायाम तीन महिन्यांनंतरच.

वर्षानं सोनोग्राफी केली. शिवलं होतं तिथेच थोडं पुन्हा उसवलेलं दिसलं. माझे डोळे भरून आले. एवढं सगळं वायाच की! डॉक्टरांनी मात्र रिपोर्ट बाजूला ठेवला. ‘रात्री दुखतं?’ नाही. ‘केस विंचरता?’ हो. ‘मग हा फाइलमध्ये लावा.’ म्हाताऱ्या माणसांत असं पुष्कळदा होतं म्हणे: फोटोत भोक दिसतं, पण दुखणं गेलेलं असतं आणि हात कामाचा झालेला असतो. मला हे पटायला महिना लागला.

आता उजव्या कुशीवर झोपते. अंबाडा स्वतः घालते, जरा डावीकडे झुकतो. भरलेला कुकर वर उचलून ठेवता येत नाही, चपात्या दहाच्या पुढे गेल्या की खांदा कुरकुरतो. गेल्या दिवाळीत सूनबाई स्टुलावर चढली आणि मी खाली उभी राहून स्टूल धरलं. दोन्ही हातांनी. त्यानंतर डबे ओट्याखालीच आहेत.