दुबार पेरणीआधी ओळ उकरून बघा

सोयाबीन उगवलं नाही की दोष पावसाला नाहीतर पिशवीला द्यायचा आणि नवं बियाणं आणून लगेच तिफण चालवायची, हे दरवर्षी दिसतं. पहिली पेरणी कशाने गेली हे न पाहता केलेली दुसरीही त्याच कारणाने जाऊ शकते. आधी शेतात चार-पाच ठिकाणी हातभर ओळ उकरा.

बी कुजून बुळबुळीत झालंय? उगवणशक्ती कमी होती, बीजप्रक्रिया (पेरणीआधी बियाण्याला औषध चोळणं) राहिली किंवा जागा चिबड, म्हणजे पाणी साचून राहणारी आहे. कोंब फुटून वाळला असेल तर पेरणी अपुऱ्या ओलीवर झाली. कोंब वाकून मातीखालीच अडकला असेल तर बी खोल पडलं किंवा जोराच्या सरीनंतर वर मातीची कडक पापडी धरली. रोपं कुरतडलेली दिसली तर रात्री बॅटरी घेऊन वाणी (अनेक पायांचा लांबट किडा) शोधा. ओळीत लांबवर बीच नाही, तर पेरणी यंत्राची नळी तुंबली होती.

यातली ओलीची चूक सगळ्यांत जास्त होते. मृगाच्या पहिल्या सरीने वरचे दोन-तीन इंच भिजतात, खाली माती कोरडीच. सोयाबीनचं बी उगवताना स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मं पाणी ओढतं, आणि मग उघडीप पडली की कोंब जागेवर वाळतो. म्हणून 75 ते 100 मिमी पाऊस होऊन वापसा आल्यावरच, म्हणजे माती ओली पण चिखल नसलेली झाल्यावरच पेरा. शेजाऱ्याची पेरणी उरकली, हे काही ओल पुरेशी असल्याचं लक्षण नव्हे.

घरचं बियाणं असेल तर ओल्या गोणपाटावर 100 दाणे ओळीने मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल टिकवा आणि सहा-सात दिवसांनी मोजा. 70 चांगले उगवले तर एकरी 30 किलो पुरतं; 65 ला 32, 60 ला 35. त्याखालचं बियाणं वापरू नका. सोयाबीनचं साल फार पातळ असतं. मळणीत ड्रम जोरात फिरला, पोती आपटली किंवा बीजप्रक्रिया करताना दाणे जोराने चोळले, तरी उगवण घटते. खोली 3 ते 4 सेंटीमीटर, त्याहून जास्त नाही.

पेरणीची तारीख, तोवरचा पाऊस, चाचणीत उगवलेले दाणे आणि उकरल्यावर काय दिसलं, या चार नोंदी वहीत शेतवार ठेवा. पुढच्या जूनमध्ये त्याच पानावरून ठरवता येतं. आणि जुलैचा मध्य उलटला असेल तर सोयाबीनचा हट्ट सोडून तूर, बाजरी किंवा सूर्यफूल पेरा.