३६.८४ अंशांचा रस्ता आणि ७ सेंटिमीटरचं दुखणं

ऑटोकॅडमध्ये, म्हणजे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एखादी वस्तू तिरप्या रेषेला समांतर बसवायची असेल, तर रेषेचा कोन वाचून तो आकडा टाइप करू नका. सांगायचं आहे ते एवढंच. पण त्या एका आकड्यापायी आमची बांधकाम परवानगीची फाइल नगरपरिषदेत रखडली होती आणि माझा राग अजून पुरता उतरलेला नाही.

काम साधं होतं. तळमजला अधिक तीन मजले, रस्त्याकडची भिंत २४ मीटर. प्लॉट रस्त्याला लागून, पण रस्ता नकाशावर तिरपा. मोजणीची ‘क’ प्रत, टोटल स्टेशनचा सर्व्हे, मालकांच्या सह्या हे सगळं वेळेत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ड्रॉइंग मात्र आधी दुसऱ्या एका ऑफिसात सुरू झालं होतं आणि अर्धवट अवस्थेत आमच्या गळ्यात पडलं. इमारत रस्त्याला समांतर, मधे ३ मीटर सामासिक अंतर, म्हणजे मोकळी सोडायची जागा. स्क्रीनवर बघून कुणालाही शंका आली नसती.

ऑनलाइन तपासणीत लाल शेरा आला: पुढचं अंतर २.९३ मीटर.

मी प्रिंट घेऊन नगरपरिषदेतल्या साहेबांच्या टेबलापाशी गेलो. साहेब साइटवर. दुसऱ्या वेळी भेटले, तेव्हा त्यांच्यासमोर पट्टी लावून ३ मीटर दाखवले. १:१०० च्या प्रिंटवर ७ सेंटिमीटर म्हणजे जेमतेम ०.७ मिलिमीटर; जाड पेनाची रेघच तेवढी असते. साहेबांनी पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. “सिस्टीम मोजते हो, मी नाही मोजत. दुरुस्त करा आणि परत टाका.” काय दुरुस्त करायचं, ते शेऱ्यात नाही आणि साहेबांकडेही नाही. मागे रांगेतल्या एकाने सल्ला दिला, इमारत सरळ १० सेंटिमीटर मागे ढकला. मागचं अंतरही काठोकाठ होतं, त्यामुळे ती वाट बंद.

ऑफिसात येऊन इमारतीच्या दोन्ही कोपऱ्यांपासून रस्त्यावर लंब टाकले. डावीकडे ३.००, उजवीकडे २.९३. म्हणजे इमारत समांतर नव्हतीच. वस्तूची माहिती दाखवणाऱ्या प्रॉपर्टीजमध्ये मात्र रस्त्याची रेषाही ३७ अंश आणि भिंतही ३७ अंश! इथे मी बराच वेळ डोकं धरून बसलो. शेवटी युनिट्समध्ये जाऊन कोनाची प्रिसिजन शून्यावरून चार दशांशांवर नेली, तेव्हा रस्ता ३६.८४ निघाला आणि भिंत चोख ३७. आधीच्या ड्राफ्ट्समनने स्क्रीनवरचा पूर्णांकात दाखवलेला कोन वाचला आणि रोटेट या फिरवायच्या कमांडमध्ये ३७ ठोकून मोकळा झाला. फरक ०.१६ अंशाचा. २४ मीटर लांबीवर तो ६.७ सेंटिमीटर होतो. ऑटोकॅड पडद्यावर कोन पूर्णांकात आणून दाखवतं, आत मात्र खरा आकडा ठेवतं आणि तपासणीचं सॉफ्टवेअर तो खराच मोजतं.

आता फिरवायचं कसं? रोटेट, इमारत निवडा, बेस पॉइंट म्हणून डावा कोपरा, मग ‘आर’ दाबून रेफरन्स. भिंतीच्या दोन टोकांवर क्लिक. इथवर सगळ्यांना येतं. पुढे नवा कोन विचारला की बहुतेक जण रस्त्याच्या रेषेवर क्लिक करतात आणि इमारत भलतीकडे वळते. कारण त्या वेळी ऑटोकॅड बेस पॉइंटपासून तुमच्या क्लिकपर्यंतचा कोन धरतं. बेस पॉइंट त्याच रेषेवर असेल तरच उत्तर बरोबर येतं, आणि आपला कोपरा तर रेषेपासून ३ मीटर आत. म्हणून तिथे आधी ‘पी’ दाबायचं आणि मग रस्त्याच्या रेषेची दोन टोकं दाखवायची. भिंतीवर डावीकडून उजवीकडे गेला असाल तर रस्त्यावरही डावीकडूनच जा, नाहीतर पुढचं दार मागच्या गल्लीत उघडेल.

मला स्वतःला अलाइन ही दुसरी कमांड जास्त आवडते. रस्त्याची रेषा ३ मीटर आत ऑफसेट करायची (समांतर प्रत काढायची), भिंतीचा डावा कोपरा त्या रेषेवरच्या हव्या त्या बिंदूवर, उजवा कोपरा त्याच रेषेवर पुढे कुठेही, तिसऱ्या बिंदूला एंटर. मग स्केल करू का विचारतं, तिथे ‘नो’. ‘यस’ म्हटलंत तर दोन क्लिकमधल्या अंतराच्या मापात अख्खी इमारत ताणली जाईल.

हे करायच्या आधी फ्रीझ (लपवलेले) आणि लॉक केलेले लेयर, म्हणजे ड्रॉइंगचे थर, उघडा! ‘ऑल’ म्हणून निवडलं तरी फ्रीझ आणि लॉक केलेल्या लेयरवरचं काही हलत नाही. आमच्या ड्रॉइंगमध्ये कॉलम फ्रीझ होते. ते वेळीच लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर भिंती ३६.८४ वर आणि कॉलम ३७ वर, आणि साहेबांकडून नवा शेरा.

रस्त्याची रेषा सरळ आहे ना, तेही बघा. सर्व्हेची पॉलिलाइन (तुकडे जोडून केलेली रेषा) असते, तिला मधे कोन असतात. पहिल्या आणि शेवटच्या टोकाला धरून समांतर केलंत आणि रस्ता मधेच प्लॉटकडे फुगला असेल, तर तिथे अंतर कमी पडणारच. समोर येतो तो तुकडा धरा. शिवाय सर्व्हेच्या बिंदूंना उंची असते. स्नॅप केलं, म्हणजे नेमका तो बिंदू पकडला, की इमारत त्या उंचीवर जाऊन बसते आणि प्लॅनमध्ये काहीच कळत नाही. ती उंची टाळायला ओस्नॅपझेड हे सेटिंग १ ठेवा.

मापं टाकताना लिनियर वापरू नका, अलाइन्ड वापरा. तिरप्या २४ मीटर भिंतीला लिनियरने आडवं माप घेतलं तर १९.२१ येतं.

बरेच जण कंटाळून सगळा प्लॉटच फिरवून रस्ता आडवा करतात. तसं केलं की सर्व्हेचे कोऑर्डिनेट्स गेले आणि उत्तर दिशाही गेली. त्यापेक्षा फक्त अक्ष फिरवा: यूसीएस कमांड, ऑब्जेक्ट, रस्त्याची रेषा निवडा, मग प्लॅन कमांड. पडद्यावर रस्ता आडवा होतो, ऑर्थो (सरळ आडव्या-उभ्या रेघांची सोय) त्याच्याच दिशेने चालतं, पण ड्रॉइंग जागचं हलत नाही. काम झालं की यूसीएस वर्ल्ड आणि पुन्हा प्लॅन.

दुरुस्त फाइल चढवली. रिपोर्टमध्ये दोन्ही कोपरे ३.०० आले. त्याची प्रिंट मी मुद्दाम साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलटी करून तिच्या मागे दुसऱ्याच कुणाच्या फाइलचा नंबर लिहून घेतला.