तुम्ही विचारलंत म्हणून: सेन्तोत जायचं कसं?

टोकियोत नव्याने राहायला आलेली मराठी मंडळी घर, बँक, मुलांची शाळा हे सगळं मार्गी लागलं की आवाज जरा खाली आणून एक गोष्ट हमखास विचारतात. गल्लीच्या कोपऱ्यावर ते सार्वजनिक न्हाणीघर आहे ना, सेन्तो, तिथे खरंच सगळ्यांसमोर कपडे काढावे लागतात का? आणि जायचंच ठरवलं, तर नेमकं काय करायचं?

हो, सगळे कपडे काढावे लागतात. चड्डी किंवा पोहण्याचा पोशाख चालत नाही. बायकांचा आणि पुरुषांचा भाग मात्र पूर्ण वेगळा असतो. आणि तुम्ही जावं, असं मनापासून वाटतं. भाड्याच्या घरातला टब गुडघे छातीशी घेऊन बसण्याइतकाच असतो. सेन्तोत पाय सरळ सोडून गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसता येतं. जानेवारीत हाडं गारठलेली असताना या सुखाला तोड नाही.

एकच गोष्ट पक्की धरा, म्हणजे बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. आंघोळ हौदाबाहेर उरकायची, हौदात नुसतं बसायचं. हौदातलं पाणी सगळ्यांचं असतं. ते दिवसभर गाळून फिरवतात, पण प्रत्येकासाठी बदलत नाहीत. ज्या घरात पाटावर बसून घंगाळातलं पाणी तांब्याने अंगावर घेत, तिथल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. सेन्तोत बुटकं स्टूल म्हणजे पाट आणि पाणी घ्यायचं प्लास्टिकचं टोपलं म्हणजे घंगाळ आणि तांब्या दोन्ही.

सोबत काय न्यायचं? साबण, शांपू आणि पातळ टॉवेल. इथे जाडजूड टर्किश टॉवेल कामाचा नाही, कारण तो पिळता येत नाही. गावाकडून आणलेला सुती पंचा या कामाला उत्तम. शंभर येनची चारपाच नाणी आणि हजाराची नोट जवळ असू द्या, बऱ्याच जुन्या ठिकाणी फक्त रोख चालते. टोकियोत मोठ्यांचा दर ऑगस्ट 2024 मध्ये 550 येन झाला. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना 200 आणि त्याहून लहानांना 100. हा दर मालकाच्या मर्जीवर नसतो. 1946 च्या किंमत नियंत्रण आदेशाखाली प्रत्येक प्रांताचं सरकार कमाल दर ठरवतं, म्हणून गल्लीतला कुठलाही साधा सेन्तो जवळपास त्याच पैशांत पडतो. सुपर सेन्तो नावाची मोठी, चकचकीत ठिकाणं या आदेशाबाहेर आहेत. तिथे दुप्पट-तिप्पट पैसे मोजावे लागतात.

दारात पायरी असते. बूट पायरीच्या खालीच काढायचे आणि मोज्यांनी वर चढायचं. बूट लाकडी खणात ठेवून लाकडाची पट्टी उपसली की खण बंद होतो, ती पट्टीच किल्ली. पुढे पडद्यांवरची अक्षरं वाचा, रंगावर जाऊ नका. 男 म्हणजे पुरुष, त्याच्या वरच्या भागात चार खणांच्या खिडकीसारखी चौकट दिसते. 女 म्हणजे बायका, त्यात चौकट नसते. काही ठिकाणी दोन्ही बाजू ठरावीक दिवशी अदलाबदल करतात, त्यामुळे मागच्या वेळी डावीकडे होतं म्हणून आजही डावीकडे शिरू नये.

कपड्यांच्या खणाची किल्ली रबरी कड्यात असते, ती मनगटात किंवा घोट्यात अडकवा. फोन खणातच राहू द्या. कपडे बदलायच्या खोलीत तो हातात दिसला, तरी लोक अस्वस्थ होतात आणि ते रास्तच आहे. लाजेचं म्हणाल, तर पंचा पुढे धरून चालत जा, इथलेही पुष्कळ जण तसंच करतात. कुणी कुणाकडे बघत नाही. पहिली पाच मिनिटं अवघड जातात. एकदा अंगाला साबण लागला की तो विषय डोक्यातून जातो.

आत गेल्यावर टोपलं आणि स्टूल घ्या, स्टूलावर पाणी टाका आणि बसा. उभ्याने आंघोळ करू नका, शेजाऱ्यावर शिंतोडे उडतात. समोर दोन नळ असतात, लाल गरम आणि निळा गार. इथे नवा माणूस पोळतो. लाल नळ दाबून आलेलं पाणी थेट अंगावर घेऊ नका, ते कधीकधी कडकडीत असतं. आधी टोपल्यात थोडं गार घ्या, मग गरम, आणि हात घालून बघा. भिंतीवरच्या शॉवरचं पाणी बहुधा एकाच ठरावीक बेताचं असतं.

टोपलं बहुतेक पिवळंधमक असेल आणि तळाशी लाल अक्षरं असतील: केरोरिन. ही वेदनाशामक औषधाची जाहिरात. 1963 पासून ही टोपली सेन्तोंमध्ये आहेत. आधी ती पांढरी होती, पण मळ दिसायचा म्हणून पिवळी केली. टोकियोकडचं टोपलं मोठं, साधारण 360 ग्रॅमचं. ओसाकाकडचं लहान, 260 ग्रॅमचं. ओसाकाकडे टोपलं थेट हौदात बुडवून पाणी अंगावर घेण्याची रीत आहे, तिथे मोठं टोपलं भरून उचलणं जड जातं. टोकियोत हौदातलं पाणी उपसण्यापेक्षा नळाचंच घ्यायचं.

केसांना खोबरेल लावलं असेल, तर दोनदा शांपू करा. तेलाचा तवंग पाण्यावर लगेच दिसतो आणि हौदात बसलेल्या सगळ्यांना त्रास होतो. लांब केस वर बांधायचे, एक बटही पाण्यात लोंबता कामा नये. पंचाही हौदात बुडवायचा नाही. घडी करून डोक्यावर ठेवा किंवा काठावर. पाळीच्या दिवसांत हौदात उतरू नये, हे वेगळं सांगायला नको.

आता हौद. पाणी 42 अंशांच्या आसपास असतं, जुन्या वस्तीत 44 सुद्धा. आपल्याला हे फार वाटतं. पाय, मग गुडघे, मग कंबर असं सावकाश उतरा आणि उतरल्यावर हलू नका. अंगाभोवतीचं पाणी ढवळलं की चटका जास्त बसतो. अगदीच सोसवेना, तर विसण घालता येतं. जपानीत त्याला उमेरु म्हणतात, अर्थ तंतोतंत आपल्या विसणाचाच. पण गार नळ न विचारता सोडायचा नाही. रोज येणारे आजोबा त्या कडक पाण्यासाठीच आलेले असतात. ‘उमेते मो ई देस का?’ असं विचारा, सहसा कुणी नाही म्हणत नाही. तरी पहिल्या दिवशी शेजारचा कमी गरम हौद शोधणं हा जास्त चांगला मार्ग.

पहिल्यांदा तीन-चार मिनिटं पुरे. बाहेर येऊन बसा, पुन्हा जा. उठताना काठ धरून हळूहळू उठा. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, झटकन उभं राहिलं की रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. दारू पिऊन किंवा भरपेट जेवून जाऊ नका. आधी आणि नंतर पाणी प्या. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि 電気 ही अक्षरं असलेल्या कोनाड्यापासून सावध राहा. त्या पाण्यात हलका विद्युतप्रवाह सोडलेला असतो, पेसमेकर असलेल्यांनी तिथे अजिबात बसायचं नाही.

टोकियोत हौद सहसा सगळ्यात आतल्या भिंतीला असतो आणि त्या भिंतीवर फुजी पर्वत. पहिलं असं चित्र 1912 मध्ये टोकियोतल्या कान्दा नावाच्या भागात किकाइयू या न्हाणीघरात रंगवलं गेलं. हे रंगकाम करणारे कारागीर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. सेन्तोही कमी होत चाललेत. 1960 च्या दशकात टोकियोत अडीच हजारांहून जास्त होते, आता पाचशेही नाहीत. जवळचा चालू आहे तोवर जा.

हौदातून निघालात की कपड्यांच्या खोलीत शिरण्याआधी पंचा पिळून अंग कोरडं करा. परदेशी माणसं नेमकं हेच विसरतात. ओल्या अंगाने गेलं की जमीन ओली होते आणि मागून येणाऱ्याचे मोजे भिजतात. स्टूल आणि टोपलं धुऊन जागेवर ठेवलंत ना, तेही बघा.

गोंदणाबद्दल सारखं विचारलं जातं. गल्लीतल्या सेन्तोत बहुधा अडवत नाहीत. सुपर सेन्तो आणि हॉटेलांतल्या स्नानगृहांत मात्र अडवतात, आणि लग्नाची गडद मेंदीसुद्धा तिथे गोंदण वाटू शकते. आधी फोन करून विचारलेलं बरं. चांदीचे पैंजण, जोडवी साध्या सेन्तोत घातली तरी बिघडत नाही. कुसात्सुसारख्या गंधकाच्या झऱ्यावर जाताना मात्र काढून ठेवा, तिथे चांदी काळी पडते.

मुलांचं वय लक्षात ठेवा. जानेवारी 2022 पासून टोकियोत सात वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या मुलग्यांना बायकांच्या आणि मुलींना पुरुषांच्या भागात नेता येत नाही. म्हणजे आठ वर्षांची मुलगी बाबांबरोबर एकटी आली, तर तिला आत एकटीनेच सगळं करावं लागेल. तिला घरीच नीट शिकवून आणा.

मुलांना पहिल्यांदा न्यायला डिसेंबरातला सर्वांत छोटा दिवस निवडा, 22 तारखेच्या आगेमागे येतो. त्या दिवशी बहुतेक सेन्तोंच्या पाण्यात युझू नावाची पिवळी लिंबं तरंगत असतात. दिवाळीच्या पहाटे उटण्याचा वास न्हाणीत भरतो, तसा इथे सालीचा वास वाफेत भरून राहतो. फळं हातात घ्या, नाकाशी धरा, पिळू मात्र नका. रस गरम पाण्यातल्या कातडीला चुरचुरतो.