प्रथिने न घडवणारा आरएनए आणि कर्करोगाच्या सेवेत गेलेल्या पेशी

आपल्या जनुकसंचाचा जेमतेम दोन टक्के भाग प्रथिनांची कृती सांगतो. उरलेल्या भागातून निघणाऱ्या आरएनएकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले, याची मला आजही हळहळ वाटते. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाले ते त्यातल्याच मायक्रोआरएनएच्या, म्हणजे जनुकांपासून प्रथिने बनणे रोखणाऱ्या अगदी छोट्या आरएनएच्या, शोधासाठी.

मला मायक्रोआरएनएचे मोल सर्वाधिक जाणवते ते अस्थिमज्जेत. कर्करोगाच्या गाठीकडून येणाऱ्या संकेतांमुळे तेथील मायलॉइड पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक गट) पूर्ण परिपक्व होण्याआधीच बाहेर पडतात आणि अर्जिनेज या विकराने अर्जिनिन हे अमिनो आम्ल संपवून, कर्करोगाशी लढणाऱ्या टी पेशींची अक्षरशः उपासमार करतात. उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले, की मिर-१५५ हा मायक्रोआरएनए शिप-१ या प्रथिनाला आणि मिर-२१ हा पीटेन या प्रथिनाला दाबतो. हे दोन लगाम सैल झाले, की स्टॅट-३ हे जनुके चालू करणारे प्रथिन अधिक सक्रिय होते आणि टी पेशींना दाबणाऱ्या या मायलॉइड पेशींची संख्या वाढते. मिर-२२३ नेमका उलट वागतो.

मग मिर-१५५ सरसकट रोखावा का? माझ्या मते नाही, कारण गाठीवर हल्ला करणाऱ्या सीडी-८ टी पेशींनाही तोच लागतो. औषध योग्य पेशीपर्यंतच पोहोचवणे हाच खरा कठीण भाग आहे. मिर-३४ए या दुसऱ्या मायक्रोआरएनएची नक्कल असलेल्या औषधाची मानवी चाचणी २०१६ मध्ये रोगप्रतिकारशक्तीशी निगडित गंभीर दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली होती.